राणीचं मनगट

"म्हणजे खंयचो इलाज बरो, ता तुमकाच ठावक नाय?" भिकाजीने विचारलं.

"नाही," डॉ. गुरुदास म्हणाले. "तेच शोधतोय."

ही १९८४ची गोष्ट. कणकवलीत तेव्हा एक्स-रेला सगळे फोटोच म्हणत, आणि फोटो वाळेपर्यंत डॉक्टरही बाहेर येऊन गप्पांना बसत. तडकलेल्या मनगटाला प्लास्टर तीन आठवडे पुरे की सहा हवं, यावर पुस्तकांत एकमत नव्हतं. डॉक्टरांनी त्यावर अभ्यास मांडला होता. अर्ध्या रुग्णांना तीन आठवडे, अर्ध्यांना सहा. कोणाला काय, ते चिठ्ठीने ठरायचं, म्हणजे डॉक्टरांचा कल आड येणार नाही. चिठ्ठ्या बिस्किटांच्या डब्यात होत्या.

"मगे तसा सांगा. कौल लावतास." भिकाजीने चपला दाराबाहेर काढल्या, टोपी सारखी केली आणि डोळे मिटले.

"अहो, हे गणित आहे."

चिठ्ठी निघाली. सहा आठवडे.

भिकाजीच्या बायकोने, शेवंतीने, कपाळावर हात मारला. भिकाजी दशावतारी कंपनीत राणीचं काम करायचा. कंपनीचा पेटारा डोक्यावर घेऊन व्हाळ ओलांडताना तो घसरला होता, आणि गावची जत्रा चार आठवड्यांवर आली होती.

"बांदलेल्या हाताची राणी खंय बघलास?" ती नवऱ्याला म्हणाली. "अप्पा मालक त्या पडदो धरणाऱ्या लवूक राणीची साडी देतलो. मगे तुमी जलमभर पडदो धरून रवा."

डॉक्टरांना वाईट वाटलं. "तुमचं नाव अभ्यासातून वगळतो. तीन आठवड्यांनी काढू."

"कौल दिल्यार फिरवचो नसता, डॉक्टर."

"देवाचा नाही हो तो. चिठ्ठ्या माझ्या बायकोने कापल्यात."

"देवळातली कौलाची फुला तरी गुरवच लावता," भिकाजी म्हणाला.

जत्रेच्या दिवशी लवू दाढी घोटून तयार होता. भिकाजीने मालकांचे पाय धरले. "अप्पा, आजचो एक दिस. गावासमोर माका पडदो धरूक लावू नकात." गावकऱ्यांचं मन मोडायला नको म्हणून अप्पा तयार झाले.

दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. राजा झालेल्या अप्पांनी रंगात येऊन विचारलं, "प्रिये, तुझ्या कोमल करावर हे शुभ्र कवच कसले?"

"महाराज, दुष्ट राक्षसाने माझा कर पिरगाळला. राजवैद्यांनी कौल लावून सहा सप्ताहांचे बंधन घातले आहे."

सगळी जत्रा वळून पुढच्या रांगेतल्या डॉक्टरांकडे बघू लागली. मग राक्षस आला, आणि राणीने त्याच्या पाठीत तोच हात हाणला. डॉक्टर उठून उभे राहिले. त्या हातावर भार द्यायचा नव्हता. लोकांना वाटलं ते दाद देतायत, म्हणून सगळेच उभे राहिले. जामसंडे आणि वैभववाडीहून अप्पांना निरोप आले: तीच राणी हवी.

सहा आठवडे भरले. "उभो चिरा," भिकाजी म्हणाला. "दोन कवट्यो सारक्यो येवक होये." डॉक्टरांनी प्लास्टर तसंच कापलं. फोटो उत्तम होता, मनगट छान वळत होतं. प्लास्टरच्या दोन्ही कवट्या पंच्यात गुंडाळून भिकाजी एसटीत बसला.

त्यानंतर मात्र अभ्यासाला रुग्ण मिळेनात. शिमग्याच्या सुमारास वैभववाडीहून मथुराबाई मनगट मोडून आल्या. डबा पुढे येताच त्या उठल्या.

"माका तुमचो इलाज नको. तुमच्या राणीक बघलंय मी."

"अहो, तो हात कधीच बरा झालाय."

"तीन जत्रांत बघलंय. दर जत्रेक ती सहा आठवडे म्हणान सांगता, आणि हात आसा तसोच."

डॉक्टरांनी भिकाजीला बोलावून घेतलं. "एका प्रयोगात तरी राणीचा हात बरा होऊ दे. माझ्याकडे कोणी येईना झालंय."

भिकाजीने काखेतलं पंच्याचं गाठोडं मांडीवर घेतलं. "करीन. पण हात सुटलो की लोक माका कित्याक बोलवतले? अप्पा लवूक साडी देतलो."

त्याने पंचा सोडला. जत्रांमधून फिरून प्लास्टरच्या कडा झिजल्या होत्या, एक कवटी मध्येच तडकली होती. डॉक्टरांनी ती उलटसुलट करून बघितली. मग चिठ्ठ्यांचा डबा बाजूला सारला, घमेल्यात पाणी घेतलं आणि प्लास्टरच्या पट्ट्या भिजत घातल्या.

भिकाजीने हात पुढे केला. "ह्या खेपेक मातसो हलको करा," तो म्हणाला. "राक्षस तक्रार करता."