दत्तोबांना न सापडलेला बिघाड

दत्तोबा पेट्रोल आधी हुंगायचे. मग त्याचा एक थेंब अत्तरासारखा मनगटावर चोळायचे आणि निकाल द्यायचे, "शिळं हाय." त्यावर अपील नसे.

मी कर्वेनगरच्या एका कॉलेजात खेळांचा शिक्षक होतो आणि दत्तोबा आमच्या मैदानाचे माळी. मूळचे वारज्याचे. गवत कापायला एक छोटा, जुनाट ट्रॅक्टर होता. सुरू न होणं हा त्याचा स्वभाव, आणि तो स्वभाव फक्त दत्तोबांना ठाऊक.

एकदा तो दहा मिनिटं चाले आणि बंद पडे. थोडं थांबलं की पुन्हा चाले. एका मेकॅनिकने प्लग बदलला, दुसऱ्याने कार्बोरेटर धुतला. दत्तोबा बघत बसले होते. म्हणाले, "आपरेशन झालं? आता पेशंटला इचारू."

ट्रॅक्टर बंद पडताच त्यांनी पेट्रोलच्या टाकीचं झाकण फिरवलं. सुस्स करून हवा आत गेली. झाकणाचं बारीक भोक मातीने बुजलं होतं. हवा आत जाईना, म्हणून पेट्रोल खाली उतरेना. दत्तोबांनी ते भोक बाभळीच्या काट्याने मोकळं केलं आणि जेवायला गेले.

अशा माणसाने एका वर्षी, उन्हाळी शिबिर तीन आठवड्यांवर आलेलं असताना, हात टेकले. "फॉल्ट गावंना," एवढंच म्हणत.

प्राचार्यांनी विचारलं, "दत्तोबा, आपल्याला चष्मा हवाय की निवृत्ती?" गवत घोट्याच्या वर आलं. शेवटी प्राचार्य मला म्हणाले, "बाहेरचा माणूस बोलवा. ह्यांना आता कुंड्या द्या."

मला राहवेना. संध्याकाळी शेडमध्ये जाऊन मी किल्ली फिरवली. ट्रॅक्टर पहिल्या झटक्यात सुरू झाला.

दत्तोबा धावत आले. "बंद करा, सर!"

"अहो, हा तर ठणठणीत आहे!"

ते मला मैदानाच्या पलीकडच्या टोकाला घेऊन गेले. एक टिटवी ओरडत उडाली. विरळ गवतात, उघड्या जमिनीवर चार मातकट अंडी होती.

"तेवढी जागा सोडून कापा की."

"आवाजानं उठती ती. उन्हात अंडी शिजत्यात."

"मग प्राचार्यांना सांगा."

"समदं कालेज बघाया येईल, सर. मग ती परत बसायची न्हाय."

"पण ते तुम्हाला कामातून गेलेले समजताहेत!"

"समजू द्या. धा दिसांचा तर प्रश्न हाय."

बाहेरच्या माणसाला दहा दिवस सवड नाही, असं मी प्राचार्यांना सांगितलं. नोकरीतलं माझं ते पहिलं खोटं.

अकराव्या दिवशी लांब पायांची चार पिल्लं आईमागून कुंपणाखालून निघून गेली. दुपारी दत्तोबांनी अख्खं मैदान कापलं.

"सापडला का बिघाड?" प्राचार्यांनी विचारलं. "काय होतं?"

"बारीकच हुतं साहेब. आपसूक सुटलं."

"वय झालं तुमचं."

"व्हय जी."

त्यानंतर ट्रॅक्टर अडला की प्राचार्य बाहेरच्याच माणसाला बोलवू लागले. दत्तोबा शेजारी उभे राहून त्याला मागेल तो पाना देत. तो प्लग बदले, कार्बोरेटर धुई. दत्तोबांना दोष कुठे आहे ते केव्हाच कळलेलं असे. पण विचारल्याशिवाय ते एकदाही बोलले नाहीत, आणि त्यांना कोणी विचारलं नाही.