पाहुणीची पडताळणी

वरची खोली भाड्याने द्यायची कल्पना काकूंची. मुलगी सासरी गेल्यापासून घरात बोलायला काका तेवढे उरले होते, आणि काका दिवसभर वर्तमानपत्रात डोकं खुपसून असत. त्यात एआयने बनवलेल्या खोट्या ओळखपत्रांची बातमी त्यांनी वाचली आणि कंबरच कसली. खोलीसाठी आलेला प्रत्येक पाहुणा त्यांनी फाटकातूनच परत पाठवला. एकाचा गुन्हा एवढाच, की तो फोटोत फार हसत होता.

"आज येणारी बाई परत गेली ना, तर मीही तिच्यामागोमाग लेकीकडे निघाले," काकूंनी सकाळीच बजावलं. "मग बसा एकटे!"

बाई आली. दातांची डॉक्टर, महिनाभराच्या प्रशिक्षणासाठी. काकांनी दार अडवून ओळखपत्र मागितलं. ते उजेडात धरलं, नखाने खरवडलं, मग हुंगलं.

"वास कसला घेताय?" काकू आतून ओरडल्या.

"खोट्या कार्डाला वेगळा वास येतो. बाई, आता हात चेहऱ्यासमोरून फिरवा."

व्हिडिओ कॉलवर बनावट चेहरा असला, तर हात आडवा जाताच तो विस्कटतो, असं काकांनी वाचलं होतं.

"अहो काका, मी समोर उभी आहे तुमच्या!"

"समोर काय, कुणीही उभं राहतं. फिरवा."

तिने फिरवला. चेहरा जागच्या जागी राहिला, फक्त लाल झाला.

"आता माझी पाळी," असं म्हणत तिने मोबाइल काढला. "खोलीच्या जाहिरातीत घरमालकांचा फोटो आहे. यांचे दात बघा, एका ओळीत. तुमचा वरचा एक गायब, शेजारचा तिरका. तुम्ही हे नव्हेतच!"

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. "ते... एआयकडून जरा नीटनेटकं करून घेतलंय."

"म्हणजे फोटो खोटा! खरे मालक कोण ते कळल्याशिवाय मी नाही आत येणार."

काकांनी घाईघाईने स्वतःचं ओळखपत्र पुढे केलं. तिने ते उजेडात धरलं आणि शांतपणे हुंगलं.

आता ही जाते की राहते, या धास्तीने काकू बाहेर धावल्या. डॉक्टरीणबाईंनी मोबाइल दाखवला. "काकू, हे तुमचे मिस्टर का?"

काकू फोटोकडे बराच वेळ बघत राहिल्या. "हे मिळाले असते तर काय हवं होतं! माझ्या नशिबी हे दारातले. तू ये गं आत, दमली असशील."

बॅग आत गेली, दोघी आत गेल्या आणि दार लागलं. काका पायरीवरच. आतून खो खो हसण्याचा आवाज आला. कितीतरी दिवसांनी काकू अशा हसत होत्या. काकांना एकदम बरं वाटलं. त्यांनी बेल दाबली.

"कोण?" आतून डॉक्टरीणबाईंचा आवाज.

"मी! घरमालक!"

"कशावरून?"

काकांनी इकडेतिकडे पाहिलं, दाराच्या भिंगाजवळ तोंड नेलं आणि मुकाट्याने आ केला.