कड्याला कठडा नाही

आमच्या चर्चला कुणी चित्र दान केलं की पाळकसाहेब त्यात देव शोधतात आणि शमुवेलकाका बाहेर पडायचा दरवाजा. काका खापरखेड्याच्या वीज केंद्रात सुरक्षा विभागात होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण तपासणी काही सुटली नाही.

नोहाचं तारू आलं तेव्हा त्यांनी चष्मा पुसून ते बराच वेळ न्याहाळलं. "एवढे जनावरं अन् दरवाजा एकच? दुर्घटना काय सांगून येते का गा?" पेत्र पाण्यावरून चालत होता, त्याच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. मोशे जळत्या झुडपासमोर अनवाणी उभा होता. जोडे देवानेच काढायला लावले होते, हे पाळकसाहेबांनी बायबल उघडून दाखवलं. काकांनी तो अध्याय वाचला, मान डोलावली आणि वाळूची बादली कुठे आहे, असं विचारलं.

दानाच्या वस्तूबद्दल आमच्या कमिटीत मतदान होत नाही, एकमत लागतं. देवाच्या घरात हार-जीत नको, म्हणून जुन्या लोकांनी पाडलेली ही रीत. त्यामुळे एकटे काका सगळ्यांना पुरून उरत. नापास चित्र परत पोचवायची जबाबदारीही तेच घेत. चित्र गोधडीत गुंडाळून स्कूटरला बांधायचं, स्वतः हेल्मेट घालायचं आणि बैलगाडीच्या वेगाने निघायचं.

मग काटोलहून निर्मलाबाई आल्या. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्याच राहणाऱ्या. चादरीत गुंडाळलेलं चित्र त्यांनी एसटीत मांडीवर धरून आणलं होतं. कड्याच्या टोकावर उभा उत्तम मेंढपाळ, खांद्यावर कोकरू, खाली संत्र्याच्या बागा. आम्ही सगळे खुर्च्या सोडून जवळ गेलो. आमच्याकडे आलेल्या चित्रांत मेंढरू मेंढरासारखं दिसण्याची ही पहिलीच वेळ होती.

"कड्याले कठडा नाही," काका म्हणाले.

मला राग आला. गंमत गमतीच्या जागी, पण बाईंचा चेहरा पार उतरला होता. निर्णय पुढच्या बैठकीवर ढकलला आणि रविवारी दुपारी मी काकांना चार शब्द सुनावायला त्यांच्या घरी गेलो.

दार उघडंच होतं. भिंतींवर नोहा, पेत्र, मोशे, झाडून सगळी नापास मंडळी टांगलेली. मोशेच्या खाली खरोखरची वाळूची लाल बादली. आणि समोर ती चित्रं काढणारे चहा-चिवडा घेत गप्पा झोडत बसलेले. चर्चमध्ये ओल येते म्हणून तुमची चित्रं माझ्याकडे सांभाळून ठेवली, असं काकांनी त्यांना सांगितलं होतं. दर रविवारी ते आपापलं चित्र बघायला यायचे आणि दिवेलागणीपर्यंत हलायचे नाहीत. फ्रिजच्या वर एक नवा खिळा ठोकलेला होता, अजून रिकामा.

काकांनी मला स्वयंपाकघरात ओढलं.

"कमिटीत सांगू नको गा. तुझी काकू गेल्यापासून या घराची बेल फक्त गॅसवालाच वाजवे. चर्चनं चित्रं घेतले तं लोक चर्चमधी जातीन. माझ्याकडे काहून येतीन?"

सुनावायला आणलेले चार शब्द तिथेच राहिले. मी बाहेर जाऊन त्या मंडळींत बसलो आणि चिवडा घेतला.

पुढच्या बैठकीला निर्मलाबाईंनाही बोलावलं होतं. काका उठले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पास." पाळकसाहेबांनी हुश्श केलं. तेवढ्यात मी उभा राहिलो.

"पण कड्याला कठडा नाही," मी म्हणालो. "दुर्घटना काय सांगून येते का?"

पाळकसाहेबांनी कपाळाला हात लावला. बाई मात्र हसल्या. कठडा काढून देते म्हणाल्या, फक्त चित्र एसटीतून सारखं ने-आण करणं जमायचं नाही. इथे कुणाच्या घरी ठेवलं तर दर रविवारी येऊन थोडं थोडं रंगवता येईल. काकांनी शाळेतल्या पोरासारखा हात वर केला.

तेव्हापासून संत्र्याचा एक हंगाम येऊन गेला, कठडा अजून व्हायचाच आहे. एका रविवारी बाईंचा एक खांब होतो. काका चष्मा पुसून तो तपासतात.

"हा ढिला वाटून राहिला मॅडम. पुढच्या रविवारी पाहू."

बाई निमूटपणे ओला रंग पुसून टाकतात आणि चिवड्याची वाटी जवळ ओढतात.