हात हलवत चालणारा साहेब

सुकरीला तो माणूस पहिल्या दिवसापासूनच पसंत पडला नाही. जव्हारहून मोखाड्याकडे जाणाऱ्या घाटरस्त्याने तो भल्या सकाळी आला, पांढरेशुभ्र बूट घालून, रिकामे हात झुलवत. डोक्यावर भारा नाही, खांद्याला पिशवी नाही, पुढे ढोर नाही. वळणावर, नेमका सुकरीच्या नाचणीच्या बांधाशी थांबला, घड्याळात पाहिलं, आल्या वाटेकडे पाहिलं आणि आला तसा परत गेला.

आता त्या मुलखात रस्त्याने जाणाऱ्याला 'कुठं चाललास' म्हणून विचारायची रीतच आहे. उत्तरंही ठरलेली असतात: बाजाराला, लेकीकडे, नाहीतर चुकलेली म्हैस शोधायला. म्हणून दुसऱ्या दिवशी सुकरीने विचारलं, "कुठं चाललास, साहेब?"

"कुठे नाही, असाच," साहेब हसून म्हणाला.

झालं! म्हैस चुकली असं खोटंच सांगितलं असतं, तरी एक वेळ खपलं असतं.

"असाच कोन घाट चढतो?" तिने घरी आल्या आल्या नवऱ्याला, लहान्याला विचारलं. "एसटी हाय, जीप हाय. हा मोजतोय."

"काय मोजतोय?"

"रस्ता! रुंद करनार असतील."

लहान्याचा घास हातातच राहिला. कारण त्यांचा बांध दरसाल वीतभर रस्त्याकडे सरकत आला होता. बांधाला पाय फुटतात, असं लहान्या म्हणायचा. ते पाय त्याचेच होते. मूळ शेत ते केवढंसं! त्या सरकलेल्या पट्टीतल्या नाचणीमुळेच गेल्या उन्हाळ्यात त्यांना पोरंबाळं घेऊन वीटभट्टीवर जावं लागलं नव्हतं. पट्टी गेली की पुन्हा भट्टी आली, हे दोघांनाही न बोलता कळलं.

"गोडीगुलाबीनं घेऊ," लहान्या म्हणाला. "चहा पाज त्याला."

दुसऱ्या सकाळी सुकरीने साहेबाला बांधावर बसवलं. चहा कोराच, पण साखर मात्र सढळ हाताने घातलेली.

"नको हो मावशी, मला चालत नाही," साहेब म्हणाला.

"आधी नको नको म्हनतो तोच साहेब जास्त घेतो," लहान्या बायकोच्या कानात कुजबुजला.

साहेब बिचारा भिडस्त. प्यायला. मग चहाबरोबर गुळाचा खडा येऊ लागला, गुळापाठोपाठ पिकलेली केळी आली. एवढं करूनही दिवाळी तोंडावर आली तसं साहेबाचं लक्षण आणखीच बिघडलं. तो आता संध्याकाळीही यायला लागला. वळण ओलांडून थेट पुढच्या पुलापर्यंत जायचा आणि येताना बांधाशी उभा राहून दम खायचा.

"दोनदा मोजतोय," सुकरी म्हणाली.

"आपला चहा कमी पडतोय," लहान्या म्हणाला. सुकरीने संध्याकाळचाही चहा सुरू केला.

एका संध्याकाळी साहेब बांधावर बसला तो बसलाच. पेला हातात घेऊन सुस्कारा टाकला आणि म्हणाला, "मावशी, आज एकदा स्पष्टच बोलतो."

साहेबाने पुढे बोलायच्या आतच सुकरी रडकुंडीला येऊन म्हणाली, "नको लिहू, साहेब! बांध आम्हीच सरकवला. पोरांच्या भाकरीसाठी सरकवला. हवं तर पुढल्या साली मागं घेऊ, पन आता नाचनी उभी हाय!"

साहेब बघतच राहिला. "कसला बांध? अहो, मला साखरेचा आजार आहे. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय."

"आजारी मानूस निजून राहतो. घाट कशाला चढंल?"

"चालल्याने साखर उतरते म्हणे. माझी चढत चालली म्हणून संध्याकाळीही चालायला लावलं. असा रोगी डॉक्टरांनी जन्मात पाहिला नव्हता." एवढं बोलून साहेब हातातल्या पेल्याकडे बघू लागला. सुकरीही पेल्याकडे बघू लागली. मग तिने तो हळूच त्याच्या हातातून काढून घेतला. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मग तू हायेस कुठल्या कचेरीत?" शेजारी उभ्या लहान्याने विचारलं.

साहेब घुटमळला. "तशी रस्त्यांचीच कचेरी आहे. पण मी आपला पगारबिलं करतो हो! रस्त्यातलं मला ओ की ठो कळत नाही."

लहान्याने कपाळावर हात मारला. ज्याच्यापासून लपवायचं, त्यालाच बांधावर बसवून, खाऊपिऊ घालून, आपल्या तोंडाने सगळं सांगून झालं होतं.

त्याचा चेहरा पाहून साहेब घाईघाईने उठला. "मी काही ऐकलेलं नाही. बांध मी पाहिलेला नाही, आणि यापुढे पाहणारही नाही."

साहेब शब्दाचा पक्का निघाला. दुसऱ्या दिवसापासून बांध जवळ आला की तो मान फिरवायचा आणि वळण संपेपर्यंत दरीकडे बघत चालायचा. लहान्याचा जीव भांड्यात पडला. सुकरी मात्र रोज पदर कंबरेला खोचून त्याच्यावर डोळा ठेवून होती.

"एवढं काय बघतो रं तो दरीत?" एके दिवशी तिने विचारलंच.

"दरीत काय असनार? खाली तुझ्या भावाचं, बुध्याचं भाताचं खाचर हाय," लहान्या म्हणाला, आणि जरा थांबून म्हणाला, "त्यानंबी गेल्या साली बांध ओढ्यात ढकललाय."

मग लहान्याने पायात चपला सरकवल्या.

"बुध्याला सांगून येतो. उद्यापासून चहा त्यानं आनायचा."

"सांग," सुकरी म्हणाली. "आनि साखर घालू नको म्हनावं. मानूस आजारी हाय."