दोन पावलं मागे रज्जाकभाई

रज्जाकभाईंबद्दल लिहायचं मी कित्येक वर्षं टाळलं. ज्यांच्यापायी टाळलं, ते भाई आणि त्यांची बायको दोघंही आता नाहीत, आणि माझीही पंचाहत्तरी उलटली. आता लिहिलं नाही तर राहूनच जाईल.

आमची कंपनी तुळजापूर तालुक्यात दारोदार जाऊन पाण्याचे फिल्टर विकायची. मी मॅनेजर. नळदुर्गचे रज्जाकभाई माझे सगळ्यांत जुने विक्रेते. नवी माणसं तयार करायचं काम त्यांच्याकडे होतं, पण त्यांची तऱ्हा अशी की शिकवणारा कोण आणि शिकणारा कोण हे बघणाऱ्याला कळूच नये. नवखा माणूस मोकळ्या हातांनी पुढं, आणि पन्नाशीचे भाई खांद्यावर फिल्टरचं खोकं घेऊन दोन पावलं मागं. दारात गेलं की मोठ्यानं विचारणार, "साहेब, सामान कुठं ठेवू?" साहेब म्हणजे कालपरवापर्यंत जळकोटच्या फाट्यावर केळी विकणारा गडी.

नवखा बोलताना अडला की भाई एखादा बावळट प्रश्न टाकत. "साहेब, ह्यात दूध वतलं तर साय वरच राहती का?" घरातली बाई हसून म्हणायची, "येवढं बी कळत न्हाय व्हय तुला?" तेवढ्या वेळात नवख्याला पुढचं आठवायचं. संध्याकाळी भाई खुशीत सांगत, "आज चौघींनी येडा म्हणलं साहेब. माणूस तयार झाला."

"भाई, सरळ वर्ग घ्या की," मी एकदा म्हणालो.

"वर्गात पोपट व्हतो साहेब. लोकाच्या दारात उभं राहिल्याबिगर माणसाला सोताचा आवाज घावत न्हाय."

अशी अकरा माणसं त्यांनी उभी केली. त्यांतल्या एकालाही आपल्याला कुणी शिकवलं असं वाटत नव्हतं. भाईंची मात्र एक हौस होती. "घरी मेहुणे मला खोकंवाला म्हणत्यात. एकदा टीम लीडर झालो की बघा." त्यांचं नाव सुचवायचा शब्द मी दिला होता.

मग पुण्याहून कंपनीचं पत्र आलं. तालुक्यात मॅनेजर आणि लीडर अशी दोन माणसं ठेवायची नाहीत. मोठे साहेब येऊन बघतील, आणि टीम जो घडवतो तोच राहील. मी ते पत्र खिशात घातलं आणि भाईंना अर्धंच सांगितलं : साहेब लीडर निवडायला येणार आहेत.

"माझी रीत त्यास्नी समजावून सांगा म्हंजे झालं," भाई म्हणाले. "तुमी हायत की."

साहेब आले त्या दिवशी अणदूरला नव्या विक्रेत्या सुनंदाताईंचा पहिलाच दौरा होता. चार माणसांत कधी तोंड न उघडलेली बाई. मी आणि साहेब ओसरीवर बसलो. आत घरधनीण, तिची सासू, दोन शेजारणी. भाईंनी खोकं उतरवलं आणि भिंतीला टेकून उभे राहिले. सुनंदाताईंनी नळी जोडली, दोन वाक्यं बोलल्या आणि थांबल्या.

साहेबांनी माझ्याकडं वळून विचारलं, "हे गृहस्थ कोण?"

दार उघडंच होतं. भाईंनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. माझ्या मुलीचं लग्न ठरलेलं, नोकरीची सात वर्षं उरलेली.

"सामान उचलायला ठेवलाय," मी म्हणालो. "माणसं मी तयार करतो."

साहेबांनी ते लिहून घेतलं. भाईंच्या मानेची शीर ताठ झालेली मला दिसली. आता ते बाहेर येणार, बोलणार, आणि माझं संपणार. मी चपलेत पाय घालून बसलो.

भाई सुनंदाताईंकडं वळले. "मॅडम, ह्यो फिल्टर उन्हात ठिवला तर पाणी लवकर गाळतंय का?"

सासूबाई म्हणाल्या, "गप की रं बाबा, त्यास्नी बोलू दे." सगळ्या हसल्या. सुनंदाताईही हसल्या, आणि बोलत्या झाल्या. त्या घरात फिल्टर बसला.

परतताना बस येईपर्यंत मी आणि भाई दोघंच फाट्यावर उभे होतो. मी शिव्यांची वाट बघत होतो. भाई म्हणाले, "बाईचा पयला दिवस व्हता. मी तितं लीडर झालो असतो, तर ती परत दारात उभी राहिली नसती." माझ्याबद्दल एक अक्षर नाही. महिन्याभरात 'मदतनिसाची गरज नाही' असं पत्र त्यांना गेलं. खाली सही माझीच होती.

निवृत्त झाल्यावर मी नळदुर्गला त्यांच्या घरी गेलो. माफीचं वाक्य बसमध्ये पाठ केलं होतं. भाई खाटेवर बसले होते, खूप वाळलेले. मी तोंड उघडणार तोच भाभी बाहेर आल्या.

"तुमीच का ते साहेब? लई नाव काढत्यात तुमचं. म्हणत्यात, साहेबांनी मला लीडर केलं, मीच सोडून आलो. गुडघे दुखाया लागले म्हणून."

दारात एक मेहुणे उभे होते. भाई माझ्याकडं बघत होते, त्या दिवशी दारातून बघितलं होतं तसं नाही. या वेळी त्यांची नजर विनवणी करत होती.

"व्हय भाभी," मी म्हणालो. "लई थांबवलं आमी. ऐकलं न्हाय त्यांनी."

भाईंनी मान खाली घातली. मग मेहुण्यांना म्हणाले, "बघा."

माफी मागितली असती, तर ते स्वतःच्याच घरात खोटे पडले असते. मी ती तशीच परत घेऊन आलो.