आपल्या सर्वांचे लाडके वाघ

गेल्या रविवारी बेंबळीचे बब्रुवान आबा चारचौघांदेखत अंगणात गुडघ्यांवर उतरले आणि शेळीसारखे ओरडले. असं काही घडलंच नाही, असं आबांचं म्हणणं आहे. आबा माजी उपसरपंच असल्यामुळं आपणही ते घडलं नाही असंच धरून चालू.

घडलं ते असं. आबांचा मुलगा युवराज याला त्याची आठ महिन्यांची लेक क्षमा जवळ येऊ देत नव्हती. जन्मल्यापासून ती आजोळी, सोनारीला होती आणि युवराज ऐन लग्नसराईत माईक धरून गावोगावच्या मांडवांत पाहुण्यांची नावं पुकारत होता. आता लेक घरी आली, पण तिच्या हिशेबी बाप म्हणजे जेवल्याशिवाय न उठणारा कुणी लांबचा पाहुणा. त्यानं हात पुढं केला की ती भोकाड पसरायची.

इकडं युवराजची बायको निकिता, तिची रजा संपत आलेली. सोमवारी तिला धाराशिवला दवाखान्यात नर्सच्या कामावर हजर व्हायचं होतं. सासूबाईंच्या, म्हणजे धुरपदाबाईंच्या, गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. रांगत्या पोरीमागं त्या कुठं धावणार?

"पोरगी तुमच्यापाशी राहिली तर ठीक," निकिता म्हणाली. "न्हायतर मी तिला घेऊन सोनारीला चालले. नोकरी गेली चुलीत."

अंगणवाडीच्या वृषालीताईंनी उपाय सांगितला. "रोज मोठ्यानं गोष्ट वाचून दाखवा. अर्थ कळत न्हाय, पण आवाज ओळखीचा होतो." वाघ आणि शेळीच्या गोष्टीचं एक चित्रांचं पुस्तकही त्यांनी दिलं.

संध्याकाळी युवराज लेकीला समोर बसवून ओट्यावर वाचू लागला. "एका जंगलात एक वाघ राहत होता." क्षमा रडली. त्यानं पुन्हा वाचलं. ती पुन्हा रडली, यावेळी सविस्तर. घाबरून युवराजची जीभ आपल्या नेहमीच्या रुळावर गेली. मांडवात कुणाचं नाव मानाशिवाय घेतलं तर माणूस न जेवता गाडीला किक मारतो. मग वाघ तरी नुसता कसा येणार?

"एका जंगलात, ज्यांच्या शब्दाला पंचक्रोशीत वजन आहे, असे आपल्या सर्वांचे लाडके वाघ, श्रीमान बलभीम तात्या, यांचं आगमन झालेलं आहे! शब्दसुमनांनी त्यांचं स्वागत!"

क्षमा गप्प. डोळे वटारून बापाकडं बघायला लागली. पुढं शेळी आली, युवराजनं "बेंऽऽ" केलं, तशी चक्क खुदकन हसली.

भिंतीपलीकडं खुद्द बलभीम तात्या म्हशीची धार काढत होते. ते चरवी तशीच टाकून आले.

"काय रे, मला वाघ केलंस व्हय?"

"गोष्टीत, तात्या."

"गोष्टीत तर गोष्टीत. उद्या बी हाय का?"

दुसऱ्या दिवशी तात्या धुवट फेटा बांधून हजर. सोबत किराणा दुकानाचे महांतप्पा अण्णा. तात्यांचं स्वागत ऐकून अण्णांचं तोंड उतरलं.

"तुझ्या लग्नात आचाऱ्याच्या उरावर उभं राहून बुंदी पाडून घेतली म्या. अन् जंगलात माझं कायच न्हाय?"

युवराजनं दुसरा वाघ घातला. तोच आतून आबा गरजले, "जन्मदाता घरात बसलाय अन् शेजारी वाघ! लई शिकलास!"

तिसरा वाघ आला. मग सोसायटीचे चेअरमन आले, भजनी मंडळ आलं. एकानं "नुस्तं वाघ नगं, ढाण्या वाघ म्हन" अशी दुरुस्ती मांडली. वाघांच्या आगमनातच दिवस मावळायचा आणि गोष्ट शेळीपर्यंत पोचायचीच नाही. क्षमा तर शेळीचीच वाट बघायची. शनिवारी ती पुन्हा रडली. रविवारी तर वाघ बसायच्या आधीच.

युवराजनं हात जोडले. "मंडळी, वाघ भरपूर झाले. कुणीतरी शेळी व्हा. तात्या?"

"पोराची सोयरीक चाललीय माझ्या. शेळीच्या घरात कोन पोरगी देईल?"

"अण्णा, तुमी?"

"मी शाकाहारी हाय."

"शेळी शाकाहारीच असती, अण्णा!"

"आसंल. मी वाघ राहून शाकाहारी राहतो."

क्षमानं आता आभाळ डोक्यावर घेतलं. दारात निकिता लेकीला कडेवर घेऊन, सोनारीची पिशवी भरून उभी होती. युवराजनं एकदा पिशवीकडं पाहिलं, पुस्तक मिटलं आणि पंचक्रोशीतला तो नामांकित आवाज ओट्यावरून अंगणात, हातापायांवर उतरला.

"बेंऽऽ!"

रडणं थांबलं. निकितानं लेकीला खाली सोडलं. ती तुरूतुरू रांगत आली, बापाचे दोन्ही कान धरले, त्याच्या नाकाला आपलं ओलं तोंड लावलं आणि खिदळत त्याच्या गळ्यात पडली. सोडवायला गेलं तर सोडेना. युवराज तसाच चार पायांवर, डोळे पुसायला हात मोकळा नाही. निकितानं पिशवी खाली ठेवली.

"आजोबाकडं ये की, बाय," आबा म्हणाले. तिनं वाघाकडं ढुंकून पाहिलं नाही.

आबांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, टोपी काढून खुंटीला लावली. त्यानंतर जे झालं ते आपण घडलं नाही असं धरलेलंच आहे. क्षमानं मात्र त्यांच्या मिशा धरल्या.

"आबा, सरका जरा," म्हणत तात्या फेट्यासकट खाली बसले.

"मी तर आधीपास्नं सांगत होतो," अण्णा धोतर सावरत म्हणाले, "की मी शाकाहारी हाय."

धुरपदाबाई खाटेवरून बघत होत्या. "देवापुढं वाकताना बी ह्यांची कंबर धरती. आज बघा!"

सोमवारी निकिता निघाली, तेव्हा क्षमा बापाच्या खांद्यावर होती. तिनं आईकडं फारसं लक्ष दिलं नाही. निकिता एसटीत बसून थोडी रडली, पण ते आनंदानं.

संध्याकाळी गोष्टीला सगळा गाव जमला आणि सगळा गाव शेळी होता.

सबब, वनविभागास कळविण्यात येते की, मौजे बेंबळी येथील समस्त वाघांनी स्वखुशीने शेळीपद स्वीकारल्यामुळे गोष्टीतील वाघाची जागा रिक्त झाली आहे. तरी येडशीच्या अभयारण्यातून एक वाघ रोज सायंकाळी, पोटभर जेवलेल्या अवस्थेत, युवराज यांच्या ओट्यावर पाठविण्यात यावा, ही नम्र विनंती. त्यांच्या मानपानात कसूर होणार नाही.