थिॲनिन आणि आमचा पाणीपुरवठा

मेंदू हा असा एकमेव अवयव आहे, की तो अजिबात न वापरताही माणूस नोकरीत कायम होऊ शकतो. तरी त्याची निगा राखणं हे कार्यालयाचं कर्तव्यच. म्हणून आमच्या पाणीपुरवठा तक्रार विभागात ग्रीन टी सक्तीचा झाला.

कारण शास्त्रीय आहे. या चहात थिॲनिन नावाचा पदार्थ असतो आणि त्याने मेंदू जागा असूनही शांत राहू शकतो, असं संशोधक म्हणतात. (परिपत्रकात जागेअभावी 'शकतो' गाळून 'राहीलच' घातलं आहे.)

परिणाम काय सांगावा महाराजा! पूर्वी फोन वाजला की आमच्या कपाळावर आठ्या चढायच्या. आता आम्ही तो प्रसन्न मनाने ऐकतो. उचलत नाही, नुसता वाजताना ऐकतो. तक्रारी शंभर टक्के घटल्या (न नोंदवलेल्या धरलेल्या नाहीत).

अशा सुखाच्या दिवसांत लाँड्रीवाल्या काकू तरातरा आत आल्या.

"अहो साहेब, नळाला टिपूस नाही! हॉस्पिटलच्या चादरींचा ढीग पडलाय. उद्या धुऊन दिल्या नाहीत तर काम जाईल माझं, दुकानाला कुलूप लागेल!"

साहेबांनी तातडीने चौकशी लावली. चूक कुणाचीच निघाली नाही. विभाग, उपविभाग आणि दोन्हींचे पाहुणे यांच्या चहाला पाणी पुरेना, म्हणून काकूंच्या गल्लीचा पाइप आमच्या किटलीकडे वळवला होता, इतकंच.

"मग वळवा की परत!" काकू कडाडल्या.

"काकू, तुम्हाला थिॲनिन कमी पडतंय," साहेब कळवळून म्हणाले. "बसा. घोटभर घ्या."

"शी! गवत उकळलंय की काय?" काकूंनी नाक मुरडलं. पण घसा कोरडा पडला होता (घरी पाणी नव्हतं), म्हणून प्यायल्या. मग दुसरा कप. मग तिसरा. चौथ्याला खुर्चीत रेलून म्हणाल्या, "जाऊ दे हो. चादरी काय, मळायच्याच."

हॉस्पिटलचं काम दुसऱ्याला गेलं. दुकानाला कुलूप लागलं. काकू सध्या आमच्याकडे दिवसभर हसतमुख बसून असतात, आणि वार्षिक अहवालात 'समाधानी नागरिक' म्हणून त्यांचाच फोटो आहे. आता योजना घरोघर नेणार आहोत. कोरड्या नळामागे चहाचं एक पाकीट मोफत. (पाणी ज्याचं त्याने आणावं.)

एका बाईचं दुकान बुडाल्याची हकीकत तुम्ही आत्ता वाचलीत. राग आला? नाही ना? उलट दोन-तीनदा खुदकन हसलात. वा! तुम्हाला तर चहाही लागला नाही. तुमच्या गल्लीचा पाइप उद्या वळवतो.